कमरेला रिव्हॉल्वर: जळगाव-धुळ्याच्या नवख्या परवानाधारकासाठी

शस्त्र परवान्याचा अर्ज भरण्याआधी एक आठवडा खिशात छोटी वही ठेवा आणि दिवसभर कुठेकुठे पाय टाकला ते लिहून काढा. दुकान, बँक, मुलांची शाळा, कोर्ट, कलेक्टर कचेरी, नात्यातलं लग्न, देवळातली गर्दी. आता त्यातली जिथे शस्त्र नेता येत नाही ती ठिकाणं खोडा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार इथे परवान्याचं शस्त्रही नेता येत नाही. म्हणजे सारंगखेड्याच्या यात्रेत नाही, एकवीरादेवीच्या यात्रेत नाही आणि मुलीला कॉलेजात सोडायला गेलात तर फाटकाच्या आतही नाही. कोर्टात आणि बऱ्याच कचेऱ्यांत दारावरच अडवतात.

खोडून उरलेली यादी पाहा. रोज रात्री सराफ बाजारात दुकान वाढवून माल-रोकड घेऊन घरी जाणारा, केळीच्या हंगामात रावेर-यावल पट्ट्यात पैसे घेऊन फिरणारा किंवा ज्याच्या धमकीची पोलिसांत नोंद आहे असा माणूस असेल, तर यादीत काहीतरी उरतं. बाकीच्यांचं शस्त्र आठवड्यातले पाच दिवस तिजोरीतच राहणार असतं. गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू, हे उत्तर नाही. गाडीची काच फुटली की रिव्हॉल्वर गेलं, आणि त्या शस्त्राने पुढे जे होईल त्याची चौकशी तुमच्या दारात येते.

आधी परवाना

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात कलेक्टर. वय २१ पूर्ण हवं. स्वतःसाठी शस्त्र मागणाऱ्याचा अर्ज नमुना ए-१ मध्ये जातो आणि तो आता शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरून त्याची प्रत कागदपत्रांसह कचेरीत द्यावी लागते. सोबत ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचा दाखला (शारीरिक व मानसिक आरोग्य ठीक आहे आणि नशेची सवय नाही, असा स्पष्ट उल्लेख असलेला), शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मग कागद पोलीस ठाण्याकडे जातात. शेजारी चौकशी होते, जुने गुन्हे पाहिले जातात.

अर्ज अडतो तो बहुधा कारणाच्या रकान्यात. 'स्वसंरक्षणासाठी' एवढं एकच लिहिलं तर ते सगळेच लिहितात. धमकीच्या तक्रारीची प्रत, पूर्वी लूट झाली असेल तर एफआयआर, रोकड नेण्याचं प्रमाण दाखवणारी बँकेची कागदपत्रं आणि आयकर विवरण असे कागद लावा. नाकारलं तर आदेश लेखी घ्या. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, तोंडी नकारावर महिना निघून जातो.

परवाना हातात आला की तो वकिलासारखा वाचा. क्षेत्र जिल्ह्यापुरतं आहे, राज्यभराचं की देशभराचं? एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतात, वर्षाला किती घेता येतात? शस्त्र किती दिवसांत विकत घ्यायचं? जळगावचा माणूस चोपड्याहून पुढे सेंधव्याला किंवा मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूरला सहज जातो, पण तिथे मध्य प्रदेशाची हद्द लागते. क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल तर शस्त्र घरी ठेवूनच निघा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांची ५ झाली आणि एका परवान्यावरची शस्त्रं ३ वरून २ वर आली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्या. मुदत संपलेला परवाना आणि परवाना नसणं यांत पोलिसांच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

आणि इथेच एक गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला, उमर्टीच्या बाजूने येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या खान्देशात सगळेच वाचतात. 'परवान्याला वर्ष लागेल, हे परवा मिळेल' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. विनापरवाना बंदूक जवळ सापडली तर शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं. शिवाय कट्ट्याची नळी कोणत्या लोखंडाची आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत, आणि ती फुटते ती धरणाऱ्याच्या हातात.

कोणतं घ्यावं

सामान्य परवान्यावर .३२ किंवा .२२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा इंचातला व्यास) रिव्हॉल्वर मिळतं. .३८ आणि ९ मिमी हे निषिद्ध बोअर आहेत, त्यांचा विषय इथेच सोडा. देशी .३२ रिव्हॉल्वर मुख्यतः कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीतून येतात. नेहमीचं मॉडेल मधोमध मोडून उघडणारं आहे. मागची कडी दाबली की नळी खाली झुकते आणि तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची चकती, वर येऊन रिकामी काडतुसं बाहेर ढकलतो. २०१४ साली आलेलं 'निर्भीक' याच जातीचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तेव्हा त्याची किंमत साधारण १ लाख २२ हजार होती. २०२३ साली आलेल्या 'प्रबल'मध्ये फिरकी, म्हणजे सिलिंडर, डाव्या बाजूला बाहेर येतो, आणि नळी ७६ मिमीची आहे.

हलकं म्हणजे चांगलं, असा नवख्याचा समज असतो. कमरेला हलकं बरं वाटतं हे खरं, पण झाडताना तेच हातात जास्त उसळतं आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. दिवसभर पट्ट्याला अडकवणार असाल तर सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर चांगल्या पट्ट्यावर जाणवतही नाही. .२२ चं रिव्हॉल्वर हलकं आणि झटका कमी, पण त्या काडतुसात ठिणगीचं द्रव्य कडेच्या घेरात असतं आणि अशी काडतुसं .३२ पेक्षा जास्त वेळा दगा देतात. मनगट अशक्त असेल किंवा संधिवात असेल तर .२२, नाहीतर .३२.

जुनं घेत असाल तर विकणाऱ्याने आधी कलेक्टर कचेरीला किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. तेवढ्या वेळात शस्त्र नीट पाहून घ्या. रिकामं आहे याची स्वतः खात्री केल्यावर घोडा, म्हणजे मागचा हॅमर, अंगठ्याने हळूहळू मागे ओढा. घोडा पुरता अडकण्याआधी सिलिंडर 'टक' करून जागी बसला पाहिजे. बसायला उशीर होत असेल तर घर (सिलिंडरमधली काडतुसाची जागा) आणि नळी एका रेषेत येत नाहीत आणि गोळीचा शिशाचा कचरा बाजूला उडतो. हे सहाच्या सहा घरांवर करून पाहा, एखादंच घर बिघडलेलं असतं. घोडा चढवलेला असताना अंगठ्याने मागून ढकलून पाहा. ढकलल्याने पडला तर ते शस्त्र घेऊ नका. नळीतून उजेडाकडे बघा. आत अंगठीसारखी काळी सावली दिसली तर कधीतरी त्या नळीत गोळी अडकली होती आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली, नळी तिथे फुगलेली आहे. मोडून उघडणाऱ्यात कडी लावल्यावर नळी वर-खाली हलते का तेही पाहा.

पट्टा, होल्स्टर आणि कपडे

रिव्हॉल्वर विकत घेताना माणूस लाख मोजतो आणि पट्टा तीनशेचा लावतो. सगळं बिघडतं ते इथून. पट्टा ३८ मिमी रुंद, दुहेरी कातड्याचा, मधे शिवण घातलेला हवा. ओळखीच्या चांभाराकडून शिवून घेतलेला उत्तम. पातळ पट्टा वजनाने बाहेर कलतो, शर्टखालून मुठीचा कोपरा दिसतो, आणि मग दिवसभर माणूस कंबर चाचपत राहतो. चाचपणारा हात चोराला लांबूनही कळतो.

नियम सांगतो की शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. होल्स्टर घेताना तीन गोष्टी बघा. घोड्याखालचा चाप, म्हणजे ट्रिगर, पूर्ण झाकला गेला पाहिजे. शस्त्र काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, मिटता कामा नये. आणि उलटं धरून हलवल्यावर रिकामं रिव्हॉल्वर खाली पडता कामा नये. आपल्या उन्हाळ्यात चामडं घाम पितं. टणक प्लॅस्टिकचं होल्स्टर पीत नाही, पण बनियनवरूनही घासतं. दोन्हींत एक निवडायचं तर रोजच्यासाठी प्लॅस्टिकचं, बाहेरून लावायचं.

जागा उजव्या कुशीच्या किंचित मागे. पाठीच्या मधोमध लावू नका. मोटरसायकलवरून पडलात तर पाठीचा कणा लोखंडावर आपटतो. दुचाकीवर पुढे वाकल्यावर शर्ट मागून वर चढतो, म्हणून शर्ट नेहमीपेक्षा चार बोटं लांब आणि न खोचलेला. मोकळा सुती शर्ट, शक्यतो चौकडीचा, कारण एकरंगी पांढऱ्यावर मुठीची सावली उठते. एमआयडीसीच्या रस्त्याने रात्री जाताना सदऱ्याचं टोक वाऱ्याने उडतं, त्यावर जाकीट घाला.

पायजमा किंवा धोतर नेसणाऱ्यांनी कमरेला खोचण्याचा विचार सोडून द्यावा. नाडा चापाच्या कड्यात शिरतो, आणि शस्त्र परत आत सरकवताना नाड्याचा पीळच चाप ओढतो. पायजम्यावर बंडी घालणाऱ्याने बंडीच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा, चाप झाकणारा स्वतंत्र खिसा शिवून घ्यावा आणि त्या खिशात दुसरं काहीही ठेवू नये. किल्ली नाही, सुपारीची डबी नाही, सुट्टे पैसे तर नाहीतच. पर्समध्ये ठेवणाऱ्या बायकांनाही हाच नियम, फक्त कप्पा वेगळा आणि चेनचा हवा. पर्स कधी टेबलावर किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नये. पर्स हिसकावली तर शस्त्रही गेलं, म्हणून बायकांसाठीही पट्टा बरा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: बाहेरचं शौचालय. शस्त्र तिथे सहज विसरलं जातं. रिव्हॉल्वर होल्स्टरमधून काढू नका, खुंटीला टांगू नका, टाकीवर ठेवू नका. पट्टा सैल करा, पॅन्ट गुडघ्यांवर धरून होल्स्टर आतल्या बाजूला वळवून ठेवा.

भरणं, काढणं, परत ठेवणं

भरण्याचं काम घरातल्या एकाच ठरलेल्या जागी करा, जिथे समोर विटांची जाड भिंत आहे. नळी त्या भिंतीकडे, बोट चापाबाहेर सरळ. कडी दाबा, नळी झुकवा. सहा घरं डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. काडतूस एकेक घाला, ते स्वतःच्या वजनाने आत सरकलं पाहिजे. अडकलं तर दाबू नका, ते बाजूला काढा. सगळ्यांच्या बुडाच्या कडा एका पातळीत आहेत का बघा. एखाद्याची ठिणगीची टोपी वर आलेली असेल तर सिलिंडर फिरणारच नाही. मग नळी हळू वर आणून कडी बसल्याचा आवाज ऐका. झटका देऊन बंद करण्याची सवय कडी सैल करते.

जुन्या शस्त्रात घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर असतो की नाही हे दुरुस्ती करणाऱ्याकडून विचारून घ्या. अडसर नसेल, किंवा त्याला सांगता येत नसेल, तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरा. खाली पडलं तरी सुटणार नाही. अजून एक: रिव्हॉल्वर चढवलेल्या घोड्याने कधीही वागवायचं नसतं. लांब, जड ओढीचा चाप हाच याचा सुरक्षेचा खटका आहे.

काढताना डावा हात शर्ट छातीपर्यंत उचलतो, उजवा मूठ घट्ट धरतो, मग शस्त्र सरळ वर. बोट नळीला समांतर, चापात नाही. परत ठेवताना घाई कसलीच नसते. तिकडे बघून, हळू ठेवा, आणि उजवा अंगठा घोड्याच्या पाठीवर टेकवून ठेवा. शर्टचं टोक आत अडकून चाप ओढला जात असेल तर घोडा अंगठ्याखाली हलताना कळतो आणि तुम्ही थांबता.

डाव्या हाताची बोटं सिलिंडरच्या पुढच्या कडेशी आणू नका. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते आणि तिथून गरम वायू व शिशाचे कण फवारले जातात. पिस्तूल धरायला शिकलेल्यांचा अंगठा नेमका तिथेच जातो.

सराव आणि बिघाड

परवान्याच्या काडतुसांत वर्षभराचा सराव भागत नाही, म्हणून बराचसा सराव कोरडा. खोटी काडतुसं घालून, खरी दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या रुपयाएवढ्या ठिपक्यावर दिवसाला वीस वेळा चाप ओढा. पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर, एक नाणं ठेवा. चाप सुटल्यावर नाणं पडलं नाही तर ओढ सरळ आहे. खरी गोळी रायफल असोसिएशनच्या रेंजवर, ३, ५ आणि ७ मीटरवरून. रस्त्यावरचा प्रसंग याच अंतरात होतो, पंचवीस मीटरवर नाही.

'टक' आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर रेंजवर नळी समोर धरून ३० सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं. झाडल्यावर आवाज फुस्स आला, हाताला झटका नाही, तर ताबडतोब थांबा. गोळी नळीत अडकली आहे, पुढची झाडली तर नळी फुटते. सिलिंडर अचानक जड फिरायला लागला तर ताऱ्याखाली न जळलेल्या दारूचे कण अडकलेले असतात, दात घासायच्या जुन्या ब्रशने झटका. काडतूस काढताना नळी आकाशाकडे करा म्हणजे ते कण ताऱ्याखाली पडत नाहीत.

गोळ्यांच्या बुडावर 'केएफ' हा शिक्का खडकीचा. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही लहान शस्त्रांची काडतुसं बनतात, पण ती फौजेसाठी, दुकानात मिळणार नाहीत. वापरायची काडतुसं वर्षाने एकदा बदला. कमरेवर वागवलेली सहाही रेंजवर झाडून टाका. रिकामी फेकू नका, हिशोब विचारला जातो.

घाम आणि गंज

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो. कुशीतला घाम म्हणजे मिठाचं पाणी, काळ्या पॉलिशच्या लोखंडावर दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. रोज संध्याकाळी रिकामं करा, सुक्या सुती फडक्याने पुसा, तेलाच्या फडक्याने एक हात फिरवा. होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका. चामड्यातल्या क्षारांनी पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो आणि असं काडतूस घरात अडकतं.

तेल शस्त्राचंच, ते नसेल तर शिलाई मशीनचं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावलं तर कालांतराने ते चिकट होतं आणि घोडा संथ पडतो. तेल थेंबभर, सिलिंडरच्या घरांत अजिबात नाही, कारण तेल काडतुसाच्या टोपीत मुरलं की ठिणगी मरते. दसऱ्याला शस्त्रपूजा करायची तर रिकामं करून, आणि हळदकुंकू, ओली फुलं त्याच रात्री पुसून काढा. ओल्या झेंडूखाली ठेवलेल्या नळीवर सकाळी गंज दिसतो.

घरात, चारचौघांत

भिंतीत बोल्टने घट्ट केलेली पोलादी पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुमच्याजवळ. कपाटाच्या वर किंवा गादीखाली ठेवलेलं शस्त्र पोरांना तुमच्याआधी सापडतं. 'भाऊ, दखाड ना जरा' म्हणणाऱ्या मित्राला नकार द्यायला शिका. शस्त्र आहे हे जितक्या कमी लोकांना ठाऊक, तितकी चोरीची भीती कमी. लग्नाच्या वरातीत हवेत झाडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दारू घ्यायची त्या दिवशी शस्त्र पेटीतच.

पोलिसांनी विचारलं तर हात दिसतील असे ठेवून आधी सांगा, 'साहेब, परवान्याचं शस्त्र आहे, उजव्या कमरेला,' आणि मग परवाना दाखवा. आधी शर्ट उचलू नका. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करण्याची नोटीस आली तर ठाण्यात रिकामं जमा करा, पावतीवर शस्त्राचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी ठाण्यात जा. 'सापडेल उद्या' म्हणून थांबणं अंगाशी येतं.

काढायची वेळ आली तर

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाबद्दल आहेत. जिवाची किंवा जबर दुखापतीची खरी धास्ती असेल तेव्हा समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पण पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजाही करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर बचाव उभा राहणं कठीण. पाकीट मागणाऱ्याला पाकीट द्या. भांडणात कंबर दाखवणं आणि धमकी देणं हा सरळ गुन्हा आहे, इशाऱ्याची गोळी हाही कायद्यातला शब्द नाही. फुले मार्केटमध्ये किंवा आग्रा रोडवर चुकलेली गोळी कुणाला तरी लागतेच. ती एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

झाडावीच लागली तर धोका संपल्यावर शस्त्र होल्स्टरमध्ये, ११२ ला फोन, जखमीसाठी रुग्णवाहिका. पडलेली काडतुसं, सांडलेलं सामान, काहीही हलवू नका. पोलिसांना शस्त्र द्या, पंचनाम्यात त्याचा नंबर बरोबर लिहिला आहे का वाचा, प्रत मागा. सविस्तर जबाब वकील आल्यावर द्या.

शेवटी घरच्यांना एक चिठ्ठी लिहून पेटीच्या किल्लीसोबत ठेवा. परवानाधारक गेला की शस्त्र ठेवण्याचा अधिकारही संपतो. वारसांनी ते विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. कुणाला स्वतःच्या नावावर हवं असेल तर वेगळा अर्ज. चिठ्ठीत रिव्हॉल्वरचा नंबर, काडतुसांची संख्या आणि ते उघडायचं कसं, एवढं लिहा. दहाव्याच्या गर्दीत भरलेलं रिव्हॉल्वर उघडता न येणारं कुणीतरी ते हातात घेऊन बसलेलं असतं.